पाव अजून दीड चौक लांब

यास्ना अकरा वर्षं एकच विचारत आली:
"पत्ता सांगा. श्वास चालू आहे का?"
पुन्ता आरेनासच्या त्या खोलीत, कानाला हेडफोन,
बाहेर सामुद्रधुनीवरून सुटलेला वारा.

मग एका पहाटे घरी किटलीनं शिट्टी दिली
आणि ती किटलीलाच म्हणाली, पत्ता सांगा.
गॅस बंद करायला तिला वीस मिनिटं लागली.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली.
आठवडाभर नुसती झोपली, झोपेतही फोन उचलत.
नंतर लाज: माझ्या खुर्चीत आता कोण?
ब्रुनिल्दा. आणि ती बरं करते काम.
हे आधी टोचलं.
मग, खरं सांगायचं तर, हलकं वाटलं.

आज एकोणिसावा दिवस. पाव आणायला निघाली.
चौकात वारा असा की उभा माणूस आडवा व्हावा;
नगरपालिकेनं धरायला दोर बांधलेत.
यास्नानं तो कधी धरला नव्हता.
दोर म्हाताऱ्यांचा, शाळकरी पोरांचा,
बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांचा.

आज धरला. दोन्ही हातांनी.
मागून एक आजोबा ओरडले, "पोरी, टोपी गेली!"
खरंच गेली, गिरक्या घेत, बंदराकडे.
पायांना धावायची जुनी खोड,
टाचा उचलल्यासुद्धा,
मग खाली टेकल्या.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ऑफिस.
एकच पाळी, फक्त आजच्या दिवस, असंच असणार.
घ्यायचा तर एक हात सोडावा लागणार.

तिनं श्वास तपासला.
चालू होता.
फोन थरथरत राहिला, मग दमला.
ती दोराला धरून
पुढचं पाऊल टाकते.