पाणी उतरवणं

उणे एकतीस. उत्सयोकीच्या वर.
माझा नवा सुरा, कडकपणा बासष्ट,
डब्यावर ठसठशीत छापलेला;
भूर्जाच्या गाठीवर पडला
आणि धारेचा नखाएवढा तुकडा
बर्फात गेला.

सुन्नाने म्यानातून बापाचा लेउकू काढला.
ट्रकच्या पाट्याचं पोलाद, तेलात विझवलेलं,
मग निखाऱ्यावर पुन्हा, सावकाश,
पिवळ्यावरून जांभळ्याकडे रंग सरकेस्तोवर.
कानस लावली तर चावते, कुरकुरत.

गाठ फुटली. पातं जरासं वाकलं;
तिने ते फटीत धरून सरळ केलं,
किटलीखाली ढलप्या सारल्या.

"पिएरा रंगाकडे बघताना श्वाससुद्धा घ्यायचा नाही,"
मी म्हटलं.
"हो," ती म्हणाली. "आम्हाला वाढवताना
एवढा धीर कधी धरला नाही."