अर्ध्या ताऱ्याचं पाणी

काका गेले, तेव्हा माझ्या वाट्याला आलं
अर्ध्या ताऱ्याचं पाणी.
कागदावर असंच लिहिलं होतं.
मी मस्कतच्या बँकेत सोळा वर्षं व्याज मोजलेला माणूस,
मी ते दोनदा वाचलं.

दर नवव्या रात्री
डोंगराच्या धारेवर एक तारा वर येतो, तिथपासून
पुढचा येईपर्यंतच्या निम्म्या वेळात
फलजचं पाणी आमच्या खजुरांचं.
कोणता तारा, ते कागदात नव्हतं.
ते खल्फानच्या तोंडी होतं,
आणि त्या तोंडात दात उरले होते चार.

फलज म्हणजे पाटच, दगडात कोरलेला.
डोंगराच्या पोटातून निघतो,
नजरेला न कळणाऱ्या उतारानं
घाई न करता गावात शिरतो.
आधी पिण्याचं पाणी, मग वजूचं,
मग धुण्याचं, मग खजुरांचं,
लिंबांचं, आणि उरलंच तर गवताचं.
हा क्रम कुणी लावला, असं विचारलं
तर खल्फान म्हणाला, "उतारानं."

पहिल्या रात्री मी मोबाईल काढला.
सत्तेचाळीस मिनिटं होतात, म्हटलं, गजर लावून ठेवतो.
तो हसला नाही.
"तारा सगळ्यांना एकदम दिसतो.
तुझं घड्याळ फक्त तुला."

मग मी शिकलो दारं धरून बसायला.
अंधारात आधी पाणी येत नाही,
आधी येते वाळल्या पानांची कुजबुज,
पाण्यानं पुढं ढकललेल्या मुंग्या,
मग पायाच्या अंगठ्याला गार काहीतरी.
बँकेत असताना मी इतका वेळ
कशाचीच वाट पाहिली नव्हती,
लिफ्टचीसुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात डोंगराखालून रस्ता आला,
रस्त्याबरोबर दिवे.
धार पांढुरकी झाली, दुधाचं भांडं विसळल्यासारखी.
आमचा तारा त्या उजेडात कधी उगवला
हे मला कळेपर्यंत तो वीतभर वर आला होता.
खजुरांच्या आळ्यांतून पाणी ओसंडून वाटेवर गेलं.
खालच्या बांधावर झुवैना
कुदळीवर हनुवटी टेकून उभी.

ती भांडली नाही.
सकाळी टोपलीभर लिंबं घेऊन दारात आली.
"रात्री माझ्या लिंबांचं पाणी तू प्यालास,
आता लिंबंही घे."

मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं मला येतं.
पण नगरपालिकेच्या फॉर्मवर
तक्रारीच्या रकान्यात दोनच चौकटी:
दिवा लागत नाही.
दिवा लुकलुकतो.
दिवा लागतो, हीच तक्रार,
ती कुठल्या चौकटीत बसवू?
समासात लिहिली, बारीक अक्षरात.

उत्तराची वाट पाहत बसले नाहीत कुणी.
झुवैनाचा मुहन्ना कमरेला दोर बांधून
खजुरावर चढतो तसा खांबावर चढला,
झावळ्यांची विणलेली चटई
दिव्याच्या डोंगराकडच्या अंगाला बांधून उतरला.
खाली रस्त्यावर उजेड तेवढाच राहिला,
वरची धार पुन्हा काळी.
खल्फाननं मान वर केली,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग तारे मोजू लागला, नावानं,
हजेरी घ्यावी तसे.
एकाच्या नावावर अडखळला.
झुवैनानं अंधारातून ते पुरवलं.

अकरा महिन्यांनी नगरपालिकेचं पत्र आलं:
आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे,
दिवा लवकरच दुरुस्त करण्यात येईल.
ते पत्र मी घडी करून
दाराच्या फटीत मातीबरोबर कोंबलं.
पाणी काही काळ अडलं.

आता माझ्या पाळीला
मी मातीचा बोळा थोडा आधीच काढतो,
पाणी खाली लिंबांकडे जाऊ देतो.
किती आधी, ते मोजलेलं नाही.
झुवैना म्हणते,
तुला तारे अजून नीट ओळखता येत नाहीत.