पासंग

एप्रिलमध्ये शिडाच्या होड्या हिवाळी गोदीतून निघतात
आणि सरोवराकडे जायला शिकागोकडे वाट मागतात.
शनिवारी सकाळी. शहर कुरकुरतं, पण थांबतं.
घंटा. फाटक. बसवाला इंजिन बंद करून डबा उघडतो.
मग रस्ता उभा राहतो,
पांढऱ्या पट्ट्यांसकट, कालच्या चिखलासकट;
कुणाचा तरी एकटा हातमोजा घरंगळत खाली येतो.

इग्नास पेटकुस म्हणायचा, ताकदीनं नाही उचलत याला.
मोटर बघ, केवढीशी.
पहिल्याच दिवशी त्यानं मला खड्ड्यात उतरवलं,
नदीच्या पातळीखाली, जिथे भिंतींना घाम येतो
आणि पुलाचं शेपूट लोंबतं: काँक्रीटचं, घराएवढं.
पान वर गेलं की हे खाली येतं.
"तागडी आहे, टॅगर्ट. दुसरं काही नाही."

त्याच्या आजोबांच्या वेळी पूल गरगर फिरायचे
मधोमध एका खांबावर,
आणि जहाजं नेमकी त्या खांबालाच धडकायची.
नदी अरुंद, जहाजं लठ्ठ, कप्तान बहुधा प्यालेले.
शेवटी खांब उपटला. पूल मधून कापला,
आणि दोन्ही काठांना अर्धा अर्धा दिला सांभाळायला.

इग्नासची वही होती. निळी, तेलकट.
डांबराचा नवा थर. पासंग: शेपटात चौतीस ठोकळे.
रंगाचे दोन हात, तांबूस. पासंग: तीन.
(रंगालाही वजन असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.)
जानेवारीचा बर्फ, ओला. देवाची मर्जी.
एका वर्षी डांबरवाल्यांनी सांगितलंच नाही;
पान अर्ध्यात थबकलं, जळक्या मोटरचा वास,
आणि खाली चौदा होड्या गोल गोल फिरत शिव्या देत राहिल्या.

आता प्रत्येक पुलाला राखणदार नाही.
आम्ही दोन गाड्यांतून पळतो,
हा मिटेपर्यंत पुढच्याच्या पुढचा उघडायला.
इग्नासच्या केबिनला कुलूप आहे. आत त्याची किटली.

वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं अक्षर:
उद्यापासून मी नाही. एकशे साठ पौंड वजा.

केबिन काठावर आहे, पानावर नाही.
त्याचं वजन या हिशेबात कधी धरलंच जात नव्हतं,
आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी त्या शनिवारी, लिव्हर ओढताना,
पूल मला जरा हलका लागला.