चावी

पाटी मीच ठोकली होती, नॅकवाले शहाद्याला यायच्या आदल्या रात्री :
समान संधी केंद्र.
आत मोडके बाक, बंद पडलेलं झेरॉक्स मशीन, उंदीर.
कमिटीनं बाहेरूनच फोटो काढला,
केळीचे वेफर्स खाल्ले
आणि गेली.

सात वर्षांनी रुमली पाडवी मॅडम आल्या, धडगावच्या.
पहिल्याच दिवशी हात पुढे :
चावी द्या.

सापडायला चार दिवस लागले.
खरं सांगतो, माझ्याच खिशात होती.

मग तिथं टेबल आलं, मस्टर आलं.
डोंगरावरची पोरं उंबऱ्याशी चपला काढायची.
घाल रे, मॅडम म्हणायच्या, हे काय देऊळ नाही.

आदित्यला विचारलं, घरी काय म्हणतात?
तो फरशीकडे बघत म्हणाला, दित्या.
रविवारचा जन्म.
आश्रमशाळेत गुरुजींनी सुधारलं होतं.
मी व्हाइटनर शोधू लागलो.
खोडू नका. शेजारी लिहा. कुठलं ठेवायचं, तो ठरवेल.

लिहिलं. शाई जरा फुटली.

संस्थेचे अध्यक्ष गरजले, हे काय चाललंय?
म्हटलं, साहेब,
पाटी आपणच लावलीय.

परवा कुलूप लावताना मागून आवाज आला,
अण्णा, जेवन व्हयनं का?
एकतीस वर्षं या कचेरीत
मी 'जेवण झालं' असंच म्हणत आलो,
णचा ण ठोकून.

चावी कुलपातच राहिली.
नही ना बाई, मी म्हटलं,
आजून नही.