नमुना

बाटलीच्या तळाशी एक पांढरी गोळी असते,
वेलदोड्याच्या दाण्याएवढी.
ती सांडायची नाही. बाटली विसळायची नाही.
नळाची जाळी काढायची, तोटीला ज्योत दाखवायची,
पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं,
मग शंभरच्या रेघेपर्यंत भरायचं,
झाकणाला आतून बोट लावायचं नाही.
हे सगळं छापील कागदावर आहे.
बाबांनी तो फ्रिजला चिकटवला होता
माशाच्या आकाराच्या चुंबकाने.

त्यांचा निकाल कधी वाईट आला नाही.
एकोणीस वर्षं, दर तिमाहीला एक कागद:
आढळले नाहीत. आढळले नाहीत.
सगळे खिळ्याला टोचून ठेवलेले, गल्ल्यामागे.

आमचं हॉटेल लहान. सहा टेबलं, अकरा स्टुलं,
मागे बर्चची झाडं, पुढे हायवे.
हिवाळ्यात स्नोमोबिलवाले,
उन्हाळ्यात सुपीरियर सरोवराकडे जाणारे,
आणि बारा महिने ऑर्वो,
जो कॉफीआधी ग्लासभर साधं पाणी पितो
आणि म्हणतो, शहरात असलं मिळत नाही.
दोनशे बारा फुटांवरून येतं, खडकातून.
जिभेच्या कडेला थोडं लोखंड लागतं.

एप्रिलमध्ये बाबा गेले.
मे महिन्यात बाटली आली, माझ्या नावाने.
मी कागद वाचत वाचत भरली,
बर्फाच्या डब्यात ठेवली, सत्तेचाळीस मैल गाडी हाकली,
कारण तीस तासांच्या आत पोचायला हवी
आणि शुक्रवारी ते घेत नाहीत.

गुरुवारी फोन आला.
आढळले.
"नाहीत" तेवढं गळून गेलेलं.

काउंटीच्या देशेनबाई बूट पुसून आत आल्या,
मग बाहेर जाऊन विहिरीच्या टोपीचे बोल्ट काढू लागल्या.
खाली उंदराची गादी, भिंतीतल्या गुलाबी कापसाची,
आणि टोपीला भेग, करंगळी जाईल एवढी,
कडांना गंज.
"ही या वर्षीची नाही," त्या म्हणाल्या.
मी खिळ्यावरचे कागद दाखवले.
त्यांनी ते चाळले, परत दिले,
आणि क्लोरीनचं प्रमाण लिहू लागल्या.

रात्री बाबांच्या वह्या काढल्या.
मैदा, लोणी, गॅस, मैदा,
आणि दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने एक ओळ:
बाटली. चर्च. तळघर.
चर्चला गावाचं पाणी आहे, नळाचं, शुद्ध केलेलं.
बाबा तिथे रविवारी खुर्च्या मांडायला जात,
सगळ्यांच्या आधी, एकटे.

म्हणजे पाणी तिथे मुरत होतं.

मला ओहायोची ती बाई आठवली.
ऑगस्ट असावा. तिचं पोर रात्रभर ओकत होतं, मोटेलात.
बाबांनी पैसे परत दिले, माफी मागितली,
आणि ब्लूबेरीच्या पायला दोष दिला.
पाय मी केला होता. दोन वर्षं पुन्हा केला नाही.

आणि तरी ते स्वतः हेच पाणी प्यायचे, दिवसभर,
सौनात दगडांवर हेच ओतायचे,
माझ्या लेकीची बाटली त्यांनी याच नळावर भरली.
पाण्यावर विश्वास होता, कागदावर नव्हता?
की त्यांना माहीत होतं, आणि नवी टोपी,
नवी केसिंग, बंद हॉटेलचे तीन आठवडे
वहीत कुठे बसत नव्हते?
विचारायला माणूस नाही.

दारावर सूचना लावली, मोठ्या अक्षरांत: उकळून प्या.
ऑर्वोने ती वाचली, टोपी काढली, परत घातली.
"आयनोला हे आवडलं नसतं."
"नाही."
"मी अडुसष्ट वर्षं पितोय."
"माहीत आहे."
मी त्याच्यापुढे दुकानातली बाटली ठेवली.
त्याने तिला बोट लावलं नाही.

विहिरीत क्लोरीन ओतलं, चोवीस तास ठेवलं,
मग सगळे नळ सोडले. घरभर तलावाचा वास, पोहण्याच्या,
कॉफीलासुद्धा.
आज पुन्हा बाटली आली आहे.
मी जाळी काढली आहे, लायटर पेटवला आहे.
ऑर्वो स्टुलावर, रिकामा ग्लास समोर उपडा.
नळ वाहतोय.
पाच मिनिटं फार असतात, घड्याळाकडे बघत राहिलं तर.
दोघंही बोलत नाही.