कळ

दुर्गप्पा धोत्र्यांचं गाढव तीन पायांवर आलं,
वीटभट्टीपासून दवाखान्यापर्यंत.
चौथा पाय नुसता सोबतीला.
ओरडलं नाही.
गाढवं ओरडतात ती दुसऱ्या कारणांनी.

"कान बघ, अंबादास," हत्तुरे मॅडम म्हणाल्या,
"ते तोंडानं थोडंच सांगणारै?
कान मागं पडलेत. डोळ्याच्या वर कातडीचा
त्रिकोण झालाय. नाकपुडी ताठ.
गाढवानं एवढं दाखवलं
म्हणजे फार झालंय."

बारा वर्षं मी जनावरांची डोकी धरतो.
धरणं, हीच माझी नोकरी.
माझ्या काखेत म्हशींनी उसासे सोडलेत,
शेळ्यांनी माझी ओळखपत्रं खाल्लीत.

मॅडमनी सुई दिली आणि थांबल्या.
घड्याळ न बघता थांबतात त्या.
मग खूर तासला, पातळ पातळ,
पेन्सिलीला टोक काढावं तसा,
आणि एका जागी काळं पाणी फुटलं,
थेट माझ्या शर्टावर.

गाढवानं पाय टेकला. उचलला.
पुन्हा टेकला,
पाचव्या दिवशी नळाखाली घागर लावावी,
पाणी खरंच येतंय का बघत, तसा.
मग कान. आधी डावा, बऱ्याच वेळानं उजवा.
दुर्गप्पा हसला बिसला नाही.
त्यानं फक्त स्वतःचा भार
एका पायावरून दुसऱ्यावर घेतला.
तेव्हा दिसलं, तोही इतका वेळ
एकाच पायावर उभा होता.

विडी घरकुलात पोचलो
तर पत्र्याखाली अजून दुपारच होती.
आई सूप मांडीवर घेऊन.
बालामणी, वय एकोणसत्तर.
आधी रोज हजार, आता साडेचारशे,
त्यातल्या पन्नास कारखान्यात छाट.
विचारलं तर दोन भाषांत एकच उत्तर:
"एम लेदु. काय नाय."

मराठीत केवढे शब्द आहेत,
ठणका, चमक, रग, सल, ठसठस.
आमच्या घरच्या तेलुगूत एक नोप्पी,
तीही आई दुसऱ्यांसाठी राखून ठेवते.
शेजारणीला नोप्पी. नातवाला नोप्पी.
नातू आपटला तर आधी त्याला,
मग ज्या दाराला आपटला त्या दारालाही.

आज तिच्यासमोर बसलो.
माणसाचे कान हलत नाहीत,
निसर्गानं तिथं लबाडी केलीय.
पण भुवईच्या वर तो त्रिकोण होता.
तोच. नाकपुडीही तीच.
दोऱ्याचा शेवटचा वेढा अंगठ्यापाशी आला
की श्वास अर्ध्यात थांबायचा,
विडी टोपलीत पडली की सुटायचा.
दिवसातून साडेचारशे वेळा.
माझ्या जन्मापासून, माझ्या डोळ्यांपुढं.
आणि मी तिला विचारत बसलेलो, तोंडाला.

"काय बघलालास बे?"
"कान."
"येडं झालंय."

सूप काढून घेतलं. न विचारता,
तेवढी सवय आहे मला.
मूठभर ज्वारी तव्यावर तापवली,
फाटक्या टॉवेलात पुरचुंडी बांधली,
अंगठ्याच्या मुळाशी धरली.
"सोड," म्हणाली. मनगट मात्र
माझ्या हातात तसंच.

कळ काढ म्हणतात,
सोसायला सांगायचं असलं की.
शब्द तर सरळ आहे की. काढ.
काट्यासारखी, खुरातल्या पाण्यासारखी.
पण ज्याची त्याला कशी काढता येईल?

गल्लीत कुणाचा तरी माग खटखटत होता.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली.
घड्याळाकडं पाठ करून बसलो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
जरा रागावूनच,
"नोप्पी इथं नाय. वर. मनगटात."

ज्वारी गार झाली होती.
मी तवा परत ठेवला.