कानातला दगड

"संशोधकांची रात्र" असं कागदावर लिहिलं होतं
बसथांब्यावर, दुकानाच्या दारावर, चर्चच्या फळ्यावर.
सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार, संध्याकाळी सहा.
सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून चाळीस खुर्च्या मी मांडल्या.
आली अकरा माणसं
आणि हेल्दुरचा कुत्रा.

तार्तूहून आलेली रेलिका
आधी पडद्याशीच बोलली.
आलेख चढले, उतरले.
"साठ्याची घट" म्हणाली, "स्थलांतरातले अडथळे" म्हणाली,
आम्ही माना हलवल्या,
डॉक्टरसमोर हलवतो तशा.
मग प्रोजेक्टरचा दिवा फट्कन गेला
आणि अंधारात कुणीतरी हसलं.
मला वाटतं, तीच.

दिवे लावले. तिनं पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला.
या, म्हणाली, जवळ या.
काचेवर तिळाहून बारीक काहीतरी:
वाम माशाच्या कानातला दगड.
दर हिवाळ्याला त्यावर एक कडं चढतं,
झाडाच्या खोडात चढावं तसं.

रांग लागली.
व्हर्त्सयार्वच्या या काठावर
एरवी कशालाच रांग लागत नाही.
उकूनं एक डोळा मिटून मोजलं,
स्वतःची बोटं संपली तेव्हा
हेल्दुरची घेतली.
एकोणीस.
हेल्दुर म्हणाला, मुलगा फिनलंडला गेला
त्याला एकोणीस हिवाळे झाले.
आणि गप्प झाला. एवढं तर तो वर्षभरात बोलत नाही.

साल्मे मागं उभी होती, एप्रनला धुराचा वास.
चाळीस वर्षं ती वाम धुरी देऊन विकते.
मुंडकी मांजरांना टाकते.
ओठ हलवत तिनं काहीतरी हिशेब केला, सोडून दिला.
"बाई गं," म्हणाली,
"मांजरांनी माझ्या किती हिवाळे खाल्ले!"

मग प्रश्न.
ही वाम इथलीच ना?
नाही. काचेसारखी पिल्लं पेट्यांतून आणतात,
विमानानं, आणि तुमच्या तळ्यात सोडतात.
मोठी झाली की परत जाते?
निघते. वाटेत नार्वाचं धरण आहे.
पोचतात किती?
नीटसं ठाऊक नाही.
जन्मते कुठं?
लांब, अटलांटिकमध्ये, तरंगत्या शेवाळाच्या समुद्रात, असं मानतात.
मानतात?
अंडी घालताना तिला कुणी पाहिलेलं नाही.
कुणीच?
कुणीच.

या खोलीत पुष्कळ लोक येऊन बोलून गेलेत,
शाळा बंद करताना, पोस्ट बंद करताना,
दुपारची बस बंद करताना.
सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.
ही पोरगी मात्र हात पुसत उभी होती,
आणि हेल्दुर, जो दरवर्षी सर्वांत आधी उठतो,
कोट काढून पुन्हा बसला.

साडेनऊला मी दिवे मालवायला लागलो
तेव्हा कॉफी संपलेली,
आणि साल्मे तिला टेबलावर बोटानं दाखवत होती
कुठल्या वाऱ्यात, कुठल्या खांबाजवळ जाळं जड होतं.
रेलिका लिहून घेत होती. आधी तारीख, मग वारा.
स्पेलिंग साल्मेला विचारून.

खुर्च्या रचताना अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले.
आज काही नवीन कळलं का? हो. नाही.
पुन्हा याल का?
वय.
साल्मेनं वयापुढं लिहिलं होतं:
कान कापून मोजा.

आता ऑक्टोबर.
मंगळवारच्या बसनं आइस्क्रीमचा एक डबा तार्तूला जातो,
मिठात मुंडकी, प्रत्येकाभोवती चिठ्ठी,
कुणाची होडी, कुठलं जाळं.
ड्रायव्हर वासावरून कटकट करतो, पण नेतो.
उलट टपाली आकडे येतात: सतरा, तेवीस, एकतीस.
धुरीखान्याच्या भिंतीवर, किलोच्या दराशेजारी,
साल्मे ते खडूनं लिहिते.
एकतिसाच्या खाली तिनं दोन रेघा मारल्यात.
का, ते मी विचारलं नाही.
मांजरं पायरीवर बसून असतात,
आम्हा सगळ्यांवर रुसलेली.